आठ ते साडेआठ

सिडको, नाशिक
२२ नोव्हेंबर २००१

अहो,

तुम्ही पोचल्याचा फोन शेजारी आला. निरोप मिळाला तो असा : "शेखर पोचला, टीव्ही फुटला नाही." दिवसभर एस.टी.त मांडीवर टीव्ही घेऊन बसलेल्या माणसाचं काय झालं, हे शेजाऱ्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. म्हणून सांगते, पत्र लिहीत जा. फोन त्यांच्या हॉलमध्ये आहे. मी नुसतं "बरंय" म्हटलं तरी पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांच्यासमोर तुमच्याशी बोलू काय? कांद्याचा भाव?

सातपूरची कंपनी बंद पडल्यावर तुम्ही घरात बसून पंखे दुरुस्त करायला लागलात, न बिघडलेलेसुद्धा. तेव्हाच मी ओळखलं होतं, की हा माणूस कुठेतरी जाणार. पण कोकणात? मच्छीमार बोटींवरची यंत्रं सांभाळायला? आपल्या खानदानाचा पाण्याशी संबंध आला तो रामकुंडात बुडी मारण्यापुरता, तीही कुणी गेलं की. आणि नोकरी तरी कशी, तर हंगामापुरती कच्ची. असो. बोटवाल्या शेठनी ठेवलंय, तुम्ही राहिलात, मी ओरडून झाले.

आता नियम सांगते. सोमवार ते शुक्रवार, रात्री आठ ते साडेआठ, आपली मालिका. इथे मी बघणार, तिथे तुम्ही. रेवती रडायला लागली की मी इथून म्हणेन, "बावळट आहे." तुम्ही तिथून म्हणायचं, "अगं, परिस्थिती तशी आहे तिची." इतकी वर्षं एका सोफ्यावर हेच चाललं होतं. मध्ये घाट आला म्हणून बंद पडायचं कारण नाही.

टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर उंचावर बांधा. दुकानदार साधा देत होता. मी म्हटलं, सगळ्यात जोरदार द्या, माणूस लांब आहे. आणि खोलीबाहेर पडताना बटणं बंद करत जा. समुद्राकाठी वीज फुकट वाटत नाहीत.

तुमची,
संध्या


खारवणे बंदर
४ डिसेंबर २००१

प्रिय संध्या,

बूस्टर कौलांवर बांबूला बांधला. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. बटण दाबलं आणि मुंग्यांतून रेवती प्रकट झाली. नेहमीप्रमाणे रडत. माझी खोली जेटीला लागूनच आहे, अंगणात मासळी वाळत असते. वासाचं म्हणशील तर आठ दिवस तो मासळीचा असतो, मग आपलाच होतो. जेवण शेजारच्या साळूबाईंकडे. डाळीतसुद्धा कोकम.

कामाचं मात्र बिनसलंय. बोटीवर एक डबा असतो, जीपीएस म्हणतात. वर फिरणाऱ्या उपग्रहांचं ऐकून तो बोट नेमकी कुठे आहे ते आकड्यांत सांगतो. पूर्वी तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, डोंगर आणि देवळाचा कळस बघून बोट आत आणायचे. आता डबा बघतात. इथे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे, अंधारात त्याला चुकवायचं तर डबा पाहिजेच. आणि दिवाळीनंतर नेमका तिथेच, बंदराजवळ आल्यावर, तो आंधळा होतो. कधी होतो, कधी नाही. भर समुद्रात ठणठणीत. सकाळी मी तपासायला गेलो की त्याहून ठणठणीत.

वर लावलेल्या अँटेनाच्या वायरीत खारं पाणी शिरतं, जोडाला हिरवा गंज धरतो, म्हणून सगळे जोड कापून नवे केले. बॅटरी पाहिली. वायरलेसवर बोलताना डबा बिथरतो का, तेही पाहिलं. अँटेनावर कुणी ओली जाळी टाकून ठेवतं का, ते पाहिलं. सगळं ठीक आहे, आणि तेच वाईट आहे. कोंडाजी तांडेल म्हणतो, "शनवार-रयवार कसा बरा चालतो. मारुतीचा वार ना!" म्हटलं, रविवार मारुतीचा कधीपासून? तर म्हणाला, "दादा, तुम्ही डब्याचं बघा. देवाचं मी बघतो."

मालिका रोज बघतो. काल सासू इतकं बोलली आणि रेवतीने मान खाली घातली, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "परिस्थिती तशी आहे तिची." खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तुझा,
शेखर


नाशिक
१५ डिसेंबर

अहो,

तुमचा डबा मला ओळखीचा वाटला. बाहेर ठणठणीत आणि घराजवळ आला की आंधळा. चहाच्या डब्यासमोर उभं राहून "चहाचा डबा कुठे आहे गं" विचारणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मी वीस वर्षं संसार केलाय. त्यांनाही कधी दोष सापडला नाही.

चेष्टा राहू द्या. सकाळी तपासून काय उपयोग? शाळेत इन्स्पेक्टर येतात त्या दिवशी आमची पोरं पाढे म्हणतात, एरवी माकडं असतात. आम्हा मास्तरांचंही तेच. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या बोटीवरच जाऊन बसा. डबा आंधळा होतो तेव्हा समोर हजर राहा.

इथे गारठा आहे. सायली दहावीचा अभ्यास करते म्हणजे ब्लँकेटात पुस्तक घेऊन झोपते. "बाबा केव्हा येणार" असं ती विचारत नाही. "बाबा असते तर त्यांनी गणित समजावलं असतं" असं म्हणते आणि माझ्याकडे बघते, जसं काही मीच तुम्हाला गाडीत बसवून दिलं. (दिलं, पण तरी.)

"परिस्थिती तशी आहे तिची" हे मला ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकलं.

संध्या


खारवणे
८ जानेवारी २००२

प्रिय संध्या,

तुझं ऐकलं. बऱ्याचदा संध्याकाळी बोटींवर गेलो. तुझ्या शिस्तीप्रमाणे पंखा, दिवा, टीव्ही सगळं बंद करून, बटणं दोनदा बघून, कुलूप लावून जातो. अंधार पडतो, खाडीचं तोंड येतं, मी डब्यासमोर डोळे लावून बसतो आणि डबा टक्क जागा! तांडेल लोक हसतात. "शेखरदादा बोटीवर असले का सॅटेलाइट घाबरतो," म्हणतात. एकाने सुचवलं, माझा फोटो डब्याशेजारी लावावा.

काल सोमवारी अंगात कणकण होती म्हणून गेलो नाही. खोलीत पडून मालिका लावली. त्याच वेळी कोंडाजीची बोट खडकावर घासली. खालची फळी फुटली, पाणी आत आलं. एक खलाशी समुद्रात पडला, त्याला दोर टाकून ओढून घेतला. वाचला. आरडाओरडा ऐकून धावत जेटीवर गेलो, तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि तो हसत होता. भीती संपली की माणूस असा हसतो, हे मला माहीत नव्हतं.

शेठ म्हणाले, "होळीपर्यंत दोष सापडला तर नोकरी पक्की. नाही तर नाशिकची गाडी कुठून सुटते ते तुम्हाला ठाऊक आहे."

कोंडाजी जाळं सांधत बसला होता, मान वर केली नाही. शेठचं बोलणं त्यामानाने हलकं होतं.

शेखर


नाशिक
१९ जानेवारी

अहो,

"नाशिकची गाडी" वाचलं आणि मला आनंद झाला. मग त्या खलाशाच्या दातांचं वाचलं आणि लाज वाटली. मग पुन्हा गाडीची ओळ वाचली, पुन्हा आनंद झाला. शेजारणीला वाटलं, तुम्हाला बढती मिळाली.

खरं सांगते. दोष सापडला नाही तर तुम्ही घरी याल. पण येईल तो कोण? कंपनीला कुलूप लागलं त्या आठवड्यात घरी आला होता तोच माणूस. तो मला बघवत नव्हता. चालता पंखा खाली उतरवून, पुसून, परत लावणारा. तो नको. मला, मी टोमणा मारला तर उलटा टोमणा मारणारा माझा नवरा पाहिजे, आणि तो सध्या कोकणात आहे. तेव्हा शोधा दोष. मी इथे गणपतीला दूर्वा वाहते, पण नक्की काय मागू ते कळत नाही, म्हणून नुसत्या वाहते आणि येते. त्याचं त्याला कळू द्या.

तिळगूळ पाठवलाय. गोड बोला असं म्हणत नाही, नुसतं बोला. तुमच्या पत्रात वायर, बॅटरी, जोड, गंज, आणि शेवटी चिमूटभर मी. डाळीतल्या कोकमाएवढी तरी असू द्या.

संध्या


खारवणे
१२ फेब्रुवारी

प्रिय संध्या,

आनंदाची बातमी. दोष सापडला! एका वायरीचा होता. आता रात्री सगळ्या बोटी सरळ आत येतात. शेठनी पेढे वाटले, कोंडाजीने पापलेट आणून दिलं.

बाकी ठीक. मालिका चालू आहे. रेवती जरीच्या साडीत काय छान दिसत होती, नाही? चेहरा अगदी शांत.

घाईत आहे.

शेखर


नाशिक
२१ फेब्रुवारी

अहो,

रेवती छान दिसत होती हे खरं. जरीची साडी, शांत चेहरा, आणि फोटोला चंदनाचा हार. कारण रेवती मेली. या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून पडून गेली. तिच्या तेराव्याला दोन भाग लागले, सासू इतकी रडली की मला तिची दया आली, आणि तुम्ही साडी बघत होतात!

मी मास्तरीण आहे. कॉपी केलेला पेपर मला लांबून ओळखू येतो. तुम्ही मालिका बघत नाही. किती दिवसांपासून नाही, कोण जाणे. मग आठ ते साडेआठ तुम्ही असता कुठे? आणि तुम्हाला हे रेवतीचं सांगतं कोण? ही साळूबाई वयाने किती आहे, हे मी आजवर विचारलं नाही, कारण मी सुसंस्कृत आहे. आता विचारते.

एवढंच सांगा, मला बनवायची गरज का पडली? कंटाळा आला म्हणाला असतात, तर मी दोन दिवस रागावले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. मी इथे रोज "बावळट आहे" म्हणते आणि थांबते. तुमच्या वाक्यापुरती जागा सोडते. रेवती मेल्यावरही सोडली. सायली म्हणते, "आई, कुणाशी बोलतेस?" तिला काय सांगू? कोकणातल्या एका कुलूप लावलेल्या खोलीशी?

संध्या


खारवणे
३ मार्च

प्रिय संध्या,

साळूबाई नातवंडांच्या आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा बोंबील प्रिय आहेत. तुझी शंका वाचून दाखवली, तर इतक्या हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, "बायकोला सांग, ह्या वयात कोण विचारतंय, बरं वाटलं हो."

आता खरं सांगतो. दोष वायरीचा नव्हता.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी कोंडाजीच्या बोटीवर निघालो होतो. साळूबाई दारात आल्या, "आज रेवतीचं काय होतं ते बघू दे की रे." म्हणून त्या दिवशी टीव्ही बंद केला नाही, त्यांना बसवून गेलो. खाडीच्या तोंडाशी आलो आणि माझ्या डोळ्यांसमोर डबा गेला. आकडे गायब. कोंडाजीने इंजिन बंद केलं, नांगर टाकला. आम्ही अंधारात बसलो, खडकावर लाटा फुटल्याचं ऐकत. मग अचानक आकडे परत आले. मी घड्याळ पाहिलं. साडेआठ. मला वाटलं, आत्ता तिकडे तू उठून भाजी गरम करायला ठेवली असशील. आणि मग आठवलं, साळूबाईंनीही आत्ताच टीव्ही बंद केला असेल.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी बोटीवर आणि मी खोलीत, वायरलेसवर बोलत. मी बूस्टर चालू केला, तो ओरडला, "गेला!" बंद केला, "आला!" किती वेळा केलं विचारू नकोस. मलाच पटत नव्हतं. उपग्रहाचं बोलणं फार बारीक असतं. रविवार कारंजावर भाजीवाले ओरडत असताना कुणी कानात कुजबुजावं, तसं. आणि आपला बूस्टर दुसऱ्याचं ऐकायचं सोडून स्वतःच ओरडत होता. माणसाला ऐकू न येणारं ओरडणं. मी बोटीवर निघालो की तुझ्या शिस्तीने बटण बंद, म्हणून डबा शहाणा. मी घरात बसलो की रेवती चालू, म्हणून डबा आंधळा. शनिवार-रविवार मालिका नाही, म्हणून मारुतीची कृपा.

तो खलाशी पाण्यात पडला तेव्हा मी इथे बसून "परिस्थिती तशी आहे तिची" म्हणत होतो.

शेठना आणि कोंडाजीला सगळं सांगितलं. शेठनी त्याच दिवशी बंदरावर बूस्टर बंदच करून टाकला, माझाच नाही, सगळ्यांचा. बांबू मीच उतरवला. कोंडाजी इतकंच म्हणाला, "बायकोने दिला होता ना? मग तिला नका सांगू." ते मला पटलं. बूस्टरशिवाय पुन्हा मुंग्या. साळूबाईंची जाऊ वरच्या वाडीत मालिका बघते, ती त्यांना सांगते, त्या मला. त्यांनी फोटो, साडी, चेहरा सगळं सांगितलं, हार सांगायचा राहिला.

तुला बनवायचं नव्हतं. ती अर्धा तासाची जागा तू माझ्यासाठी सोडतेस हे मला माहीत होतं. मी बघत नाही म्हटलं असतं, तर तू सोडली नसतीस. मग माझ्याकडे काय राहिलं असतं?

आणखी एक. शेठ पक्का करायला तयार आहेत, पण अट अशी, की पावसाळ्यात बोटी ओढून ठेवल्या की मी इथेच राहून सगळे डबे उघडून तपासायचे. म्हणजे सुटी दिवाळीची तेवढी. तू "या" म्हण. एवढं एक अक्षर लिही, मी गाडीत बसतो.

शेखर


नाशिक
१४ मार्च

अहो,

पत्र शाळेत नेऊन वाचलं, मधल्या सुटीत, प्रयोगशाळेच्या मागे. घरी वाचलं असतं तर सायलीने माझा चेहरा बघितला असता आणि तिची परीक्षा चालू आहे.

सगळ्यात जोरदार द्या म्हटलेलं दुकानदाराने फारच मनावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराने खरा माल दिला आणि तो असा. हसावं म्हटलं, तर तो पाण्यातला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याच्या आईला माझा नमस्कार सांगा. कारण सांगू नका, नुसता नमस्कार.

कोंडाजींनी "तिला नका सांगू" म्हटलं, ते तुम्ही ऐकलंत. मी "बटणं बंद करा" म्हटलं, तेही ऐकलंत. तुम्ही सगळ्यांचं ऐकता, मग कधीतरी स्वतःचंही ऐका. "या" हे अक्षर मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही म्हणून नाही. तुम्ही कोकणात गेल्यापासून ते जिभेवर आहे, प्रत्येक पत्राच्या तळाशी येऊन परत गेलंय. पण मी लिहिलं, की उद्या घरी बसल्या बसल्या तुम्हाला वाटेल, तिने बोलावलं म्हणून आलो. आणि मला वाटेल, मी बोलावलं म्हणून हा पंखे पुसतोय. असं वाटणं सोफ्यावर तिसरं माणूस होऊन बसतं. मला तिसरं माणूस नको.

मालिका मी सोडली. रेवतीशिवाय तिच्यात राम नाही. आता आठ वाजता जेवायला बसते. तुम्हाला काय करायचं ते करा, पण जे कराल ते मला आधी कळवा. जावेकडून नको.

तुमची (अजून),
संध्या


एस.टी.त, खिडकीजवळ
२९ मे

प्रिय संध्या,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देणार आहे. लिहिल्याशिवाय तुला माझं काही खरं वाटत नाही, म्हणून लिहितोय. अक्षर हललंय ते रस्त्यामुळे.

मार्चमध्ये उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. तू एप्रिलमध्ये चिठ्ठी न घालता लिफाफा पाठवलास, आत नुसतं नाशिकचा पत्ता आणि पोस्टाचं तिकीट असलेलं पाकीट. समजलो. उत्तर मात्र गेल्या आठवड्यात सापडलं, तेही कामात. पहिला वळीव पडला, त्या दमट हवेत मी एक डबा उघडला आणि दोन दिवसांत आत नवा गंज! शेठना दाखवला. म्हटलं, शेठ, हे डबे पावसाळ्यात समुद्राकाठी उघडणं म्हणजे जखम धुवायला मिठाचं पाणी घेणं. कोरड्या गावात नेऊन उघडायला हवेत. शेठनी विचारलं, "असं कोरडं गाव कुठलं?" मी हातातला डबा पुसायला लागलो. बाजूला कोंडाजी बसला होता. तो म्हणाला, "शेठ, ह्यांची बायको राहते तिथं लय कोरडं असेल. बघा की तोंड ह्यांचं." शेठ हसले. मग अट बदलली. नोकरी पक्की, नारळी पौर्णिमेपर्यंत डबे आणि मी नाशिकला. त्यानंतर परत बंदर. पूर्ण येणं नाही हे, संध्या, अर्धं आहे. पण कुणी बोलावलं म्हणून नाही.

टपावर लोखंडी ट्रंकेत सगळ्या बोटींचे डबे आहेत. कोंडाजीचा छोटा, पेन्सिल सेलवर चालणारा, माझ्या हातात आहे. निघण्याआधी त्याच्यात घराची जागा भरली, बंदरावरच्या शाळेतल्या नकाशावरून आकडे काढून. डब्याला वाटतं, नाशिक हे बंदर आहे. उन्हाळ्यातली आपली गोदावरी बघितली असती तर वाटलं नसतं. दिशा लगेच दाखवली, अंतरही. "पोचायला लागणारा वेळ" या जागी मात्र नुसत्या रेघा. कोंडाजी म्हणाला, "बिघडला काय?" म्हटलं, नाही, आपण जेटीवर उभे आहोत. उभ्या माणसाला हा वेळ सांगत नाही. त्या दिशेने हलायला लागलं, की सांगतो.

घाटात गाडी नुसती वळत होती. कधी तोंड समुद्राकडे, कधी डोंगराकडे. रेघाच होत्या. शेजारचे आजोबा विचारत होते, "ह्या रेडिओवर काही लागत का नाही?" आत्ता घाट संपला. गाडी सरळ रस्त्याला लागून उत्तरेकडे, नाशिकच्या दिशेने निघाली.

आजोबा, लागलं.

शेखर